समुद्रावरचं पंचांग आणि समुद्रावरचे पाढे

पंचांग दर पाडव्याला नवं आणावं लागतं. पाढ्यांचं पुस्तक मात्र पणजोबांच्या वेळचं असलं तरी अडत नाही. बारा सत्ते चौऱ्याऐंशी तेव्हाही होते, आजही आहेत. सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढणाऱ्या माणसाला अशीच दोन पुस्तकं लागतात. पहिलं नॉटिकल अल्मनॅक. अमुक दिवशी, अमुक सेकंदाला सूर्य, चंद्र, चार ग्रह आणि निवडक ५७ तारे नेमके कुठे आहेत ते त्यात असतं, आणि वर्ष संपलं की ते जुनं होतं. दुसरं पुस्तक गणिती कोष्टकांचं. आपल्या मर्चंट नेव्हीत त्याला नुसतं 'नोरीज' म्हणतात, कारण जॉन विल्यम नोरी नावाच्या इंग्रजाने १८०३ साली ही कोष्टकं पहिल्यांदा काढली आणि तेव्हापासून ती सुधारून पुन्हा पुन्हा छापली जाताहेत. सेकंड मेटच्या परीक्षेची तयारी करणारी आपली मुलं आजही ती चाळतात. त्यातली लॉगरिदम आणि हॅवरसाइनची पानं शंभर वर्षांपूर्वीच्या प्रतीतून घेतली तरी उत्तर तेच येतं.

उघडून पाहिलं तर आत आकड्यांच्या रांगांशिवाय काही नाही. या रांगांमधून अरबी समुद्रातल्या बोटीचा ठिकाणा कसा निघतो, ते पाहू.

सूर्य कुणाच्या डोक्यावर आहे?

मुंबईत मेच्या मध्यावर 'शून्य सावलीचा दिवस' येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते, कारण सूर्य बरोबर मुंबईच्या डोक्यावर असतो. मग बाकीच्या वेळी तो कुठे असतो? दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. कोणताही क्षण घ्या, पृथ्वीवर एक आणि एकच जागा अशी असते की जिथे त्या क्षणी सूर्य थेट माथ्यावर आहे. ही जागा सतत पश्चिमेकडे पळत असते, विषुववृत्तापाशी चार सेकंदांत एक सागरी मैल या वेगाने. तिचा अक्षांश म्हणजे सूर्याची क्रांती. तिचा रेखांश ग्रिनिचपासून पश्चिमेकडे मोजला की होतो ग्रिनिच होराकोन. अल्मनॅक म्हणजे मुळात या पळत्या जागेचं वेळापत्रक आहे.

आता सेक्स्टंट. त्यातल्या दोन आरशांच्या करामतीने सूर्याचं प्रतिबिंब खाली आणून क्षितिजावर टेकवायचं आणि किती अंश खाली आणलं ते वाचायचं. म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची मिळाली. आपल्या जुन्या भाषेत उन्नतांश. ही उंची ९० अंशांतून वजा केली की उरतात नतांश, म्हणजे सूर्य आपल्या माथ्यापासून किती ढळलेला आहे तो कोन.

सगळी गंमत या नतांशांत आहे. तुम्ही त्या पळत्या जागेवरच उभे असाल तर नतांश शून्य. तिथून ६० सागरी मैल दूर गेलात की नतांश एक अंश. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. हा योगायोग नाही. सागरी मैल ठरवलाच तसा गेला. पृथ्वीच्या परिघात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला, म्हणून २१,६०० सागरी मैल. तेव्हा नतांश ४८ अंश ५२ कला आले, तर सूर्य ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्यापासून आपण २,९३२ मैल दूर आहोत, असं कोन मोजून थेट कळतं.

मात्र कोणत्या दिशेला दूर, ते कळत नाही. त्या जागेभोवती २,९३२ मैलांचं वर्तुळ काढलं तर वर्तुळावर कुठेही उभ्या असलेल्या माणसाला सूर्य तेवढ्याच उंचीवर दिसेल. आपण त्या वर्तुळावर कुठेतरी आहोत, इतकंच एका निरीक्षणातून समजतं. काही वेळाने सूर्य सरकल्यावर पुन्हा मोजलं, किंवा संध्याकाळी दुसरा तारा धरला, की दुसरं वर्तुळ मिळतं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, आणि त्यातलं एक ठिकाण बहुधा इतकं भलतीकडे असतं की ते सोडून द्यायला विचार करावा लागत नाही.

दुपारी कोष्टकं लागत नाहीत

हे सगळं दुपारी अगदी सोपं होतं. सूर्य बरोबर दक्षिणेला किंवा उत्तरेला आला की तो, आपण आणि पळती जागा एकाच रेखांशावर असतात. मग सूर्य दक्षिणेला असेल आणि क्रांती उत्तर असेल, तर नतांश अधिक क्रांती म्हणजे अक्षांश. एक बेरीज, झालं काम. उदाहरणार्थ, नतांश ६ अंश २४ कला आणि क्रांती १० अंश ३ कला, तर अक्षांश १६ अंश २७ कला, म्हणजे देवगडपेक्षा जरासा उत्तरेला.

ध्रुवाचंही तसंच. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांश. जवळपास म्हणायचं, कारण ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, आणि तेवढी दुरुस्ती अल्मनॅकमध्ये दिलेली असते. अरबी समुद्रातले जुने खलाशी 'कमाल' नावाची छोटी फळी वापरत. तिला गाठी मारलेली दोरी असे. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेवर ध्रुव बसतो का पाहायचं. प्रत्येक गाठ एकेका बंदराची. त्या बंदराच्या अक्षांशावर पोचलं की पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं आणि किनारा लागेपर्यंत जात राहायचं.

अडचण आहे ती दुपार सोडून इतर वेळी. सूर्य आग्नेयेला किंवा पूर्वेला असताना पृथ्वीच्या पाठीवर एक तिरका त्रिकोण तयार होतो: एक टोक उत्तर ध्रुवावर, दुसरं आपल्या जागी, तिसरं सूर्याखालच्या जागेवर. आपल्या कॅडेटांच्या बोलीत हा 'पीझेडएक्स'. बाजू सरळ नाहीत, गोलावरच्या कमानी आहेत, त्यामुळे शाळेतलं त्रिकोणमितीचं सूत्र इथे जसंच्या तसं चालत नाही. गोलीय त्रिकोणमिती लागते, आणि तिच्यात ज्या-कोज्यांचे, म्हणजे साइन-कोसाइनचे, पाच-पाच अंकी गुणाकार. डोलणाऱ्या बोटीवर, ओल्या हातांनी आणि झोपमोड झालेल्या डोक्याने हे गुणाकार करायचे. कोष्टकं जन्माला आली ती या त्रासापायी.

धुक्यातली एक रेघ

गणिताकडे वळण्याआधी १८३७ साल. थॉमस समनर हा अमेरिकन कप्तान चार्ल्सटनहून स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉककडे निघाला होता. १७ डिसेंबरला तो आयर्लंडच्या आग्नेयेच्या खडकाळ समुद्रात शिरत होता. हवा खराब, कित्येक दिवस नीट निरीक्षण नाही, आणि वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलत होता. सकाळी ढगांत फट पडली आणि त्याला सूर्याची उंची एकदाच मिळाली.

त्या काळची रीत अशी, की अक्षांश माहीत आहे असं धरायचं आणि उंचीवरून रेखांश काढायचा. समनरला अक्षांशाचीच खात्री नव्हती. म्हणून त्याने तोच हिशेब तीन वेगवेगळे अक्षांश धरून तीनदा केला. चार्टवर मांडल्यावर तिन्ही जागा एका सरळ रेघेत आल्या, आणि ती रेघ पुढे वाढवली तर वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपस्तंभावरून जात होती. आपण रेघेवर कुठे आहोत ते त्याला ठाऊक नव्हतं, पण रेघेवर आहोत हे नक्की होतं. त्याने जहाज त्या रेघेवरून हाकलं आणि तासाभराच्या आत स्मॉल्सचा दिवा समोर आला.

त्याला सापडलेली रेघ म्हणजे त्या मोठ्या वर्तुळाचाच एक छोटा तुकडा. हजारो मैलांच्या वर्तुळाचा वीस-तीस मैलांचा तुकडा चार्टवर सरळच दिसतो. समनरने हे १८४३ साली छापलं. नंतर १८७५ च्या सुमारास मार्क सँत-इलेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने त्याला आजचं रूप दिलं. त्याची युक्ती अशी: आपण अंदाजाने अमुक ठिकाणी आहोत असं धरा. तिथून या क्षणी सूर्य किती उंच दिसला असता, ते कोष्टकांनी काढा. प्रत्यक्ष किती उंच दिसला, ते सेक्स्टंटने सांगितलंच आहे. दोन्हींतला फरक जितक्या कलांचा, तितके मैल आपला अंदाज चुकला. प्रत्यक्ष उंची जास्त असेल तर आपण सूर्याच्या बाजूला जास्त जवळ आहोत, कमी असेल तर दूर. मला या सगळ्या विषयात ही युक्ती सर्वांत सुंदर वाटते. हिच्यात अंदाज चुकलेला असणं गृहीतच धरलेलं आहे, आणि चूक किती ते मोजून तीच वापरली जाते.

एक हिशेब शेवटपर्यंत

एप्रिलचा मध्य. बोट कोकण किनाऱ्यापासून बरीच पश्चिमेला, अंदाजे १६ अंश ३० कला उत्तर, ७१ अंश पूर्व. सकाळचे ९ वाजून २६ मिनिटं, म्हणजे ग्रिनिचचे ३ वाजून ५६ मिनिटं. घड्याळ अचूक हवं, सेकंदासकट. चार सेकंद चुकलं की विषुववृत्ताजवळ एक मैल गेला.

सेक्स्टंटवर सूर्याची खालची कड क्षितिजावर टेकवली तेव्हा वाचन आलं ४० अंश ५६.५ कला. याला काही दुरुस्त्या लागतात. डोळा पाण्यापासून चार मीटर वर आहे, त्यामुळे क्षितिज थोडं खाली दिसतं: ३.५ कला वजा. हवेत किरण वाकतो: या उंचीवर १.१ कला वजा. क्षितिजावर हेच वाकणं ३४ कला होतं, म्हणजे मावळता सूर्य समुद्राला टेकलेला दिसतो तेव्हा हवा नसती तर तो अख्खा क्षितिजाखाली गेलेला असता! पुढे, आपण सूर्याची कड धरली, मध्य नाही: सूर्याची अर्धी जाडी १६ कला अधिक. आणि लंबनाची, म्हणजे आपण पृथ्वीच्या मध्यावर नसून पाठीवर असल्याने पडणाऱ्या फरकाची, किरकोळ ०.१ कला अधिक. सगळं मिळून ११.५ कला अधिक. खरी उंची ४१ अंश ८ कला.

अल्मनॅक सांगतं: क्रांती १० अंश उत्तर, ग्रिनिच होराकोन २३९ अंश. म्हणजे त्या क्षणी सूर्य फिलिपिन्सच्या समुद्रात, १२१ अंश पूर्व रेखांशावर कुणाच्या तरी डोक्यावर आहे. आपण ७१ वर, म्हणून मधला कोन, म्हणजे आपल्यापुरता होराकोन, ५० अंश. आता पंचांग बंद करून पाढे उघडायचे.

सूत्र शब्दांत असं: होराकोनाचं हॅवरसाइन, गुणिले अक्षांशाचं कोसाइन, गुणिले क्रांतीचं कोसाइन, त्यात अक्षांश आणि क्रांती यांच्या फरकाचं हॅवरसाइन मिळवा, येईल ते नतांशांचं हॅवरसाइन. हॅवरसाइन म्हणजे एकातून कोसाइन वजा करून त्याचं निम्मं. गुणाकार टाळायचे म्हणून लॉग बघायचे:

होराकोन ५०° चं लॉग हॅवरसाइन: ९.२५१९०
अक्षांश १६° ३०′ चं लॉग कोसाइन: ९.९८१७४
क्रांती १०° चं लॉग कोसाइन: ९.९९३३५
बेरीज: २९.२२६९९

बारावीच्या परीक्षेला लॉग टेबल वापरलेल्यांना इथे थोडं अडखळायला होईल. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग ऋण येतो आणि आपण तो डोक्यावर बार काढून लिहितो. समुद्रावरच्या कोष्टकांत ही भानगडच नको म्हणून प्रत्येक लॉगमध्ये आधीच दहा मिळवलेले असतात. तिघांची बेरीज केली तर तीस जादा झाले. त्यातले वीस काढून टाकायचे. उरले ९.२२६९९.

आता नोरीजची खरी सोय. हॅवरसाइनच्या पानावर लॉग आणि त्याची मूळ किंमत शेजारी शेजारी छापलेली असते. ९.२२६९९ शोधायचं आणि बाजूच्या रकान्यात वाचायचं: ०.१६८६५. अँटीलॉगचं पान उलटायची गरज नाही. अक्षांश-क्रांतीचा फरक ६ अंश ३० कला, त्याचं हॅवरसाइन त्याच कोष्टकात ०.००३२१. बेरीज ०.१७१८६. ही किंमत कोणत्या कोनासमोर आहे ते पुन्हा तिथेच शोधलं: ४८ अंश ५९ कला. ९० मधून वजा, म्हणजे अंदाजाच्या जागेवरून सूर्य ४१ अंश १ कला दिसायला हवा होता.

दिसला ४१ अंश ८ कला. सात कला जास्त, म्हणून आपण अंदाजापेक्षा सात मैल सूर्याच्या बाजूला. सूर्याची दिशा काढायला नोरीजमध्ये ए-बी-सी नावाची वेगळी छोटी कोष्टकं असतात. ती सांगतात ९१ अंश, जवळपास शुद्ध पूर्व. अंदाजाच्या जागेपासून पूर्वेला सात मैल जायचं आणि तिथे सूर्याच्या दिशेला काटकोनात रेघ मारायची. रेघ उत्तर-दक्षिण झाली, म्हणजे आपल्याला व्यवहारात रेखांश मिळाला: ७१ अंश ७ कला. पावणेएकच्या सुमारास सूर्य बरोबर दक्षिणेला येईल तेव्हा अक्षांश मिळेल. तोवर बोट जेवढी चालली तेवढी सकाळची रेघ पुढे सरकवायची, आणि दोन्ही रेघा जिथे छेदतील तिथे बोट.

पूर्ण हिशेबात एकही गुणाकार केला नाही, हे लक्षात आलं असेलच.

हॅवरसाइन कशाला?

शाळेत साइन, कोसाइन, टॅन शिकवतात. हॅवरसाइनचं नावही निघत नाही. समुद्रावर मात्र दीड शतक त्याचंच राज्य होतं. कारण व्यवहारी आहे. कोसाइन ९० अंशांच्या पुढे ऋण होतं, आणि ऋण संख्येचा लॉग निघत नाही. मग 'कोन मोठा असेल तर वजा करा, अक्षांश-क्रांती वेगवेगळ्या गोलार्धांत असतील तर चिन्ह बदला' असे नियम लक्षात ठेवावे लागतात, आणि रात्री तीनच्या पहाऱ्यावर असे नियम चुकतात. हॅवरसाइन कायम शून्य आणि एक यांच्या मधे, कायम धन. १८३५ साली जेम्स इनमन या नौदलाच्या प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकातून हे नाव रुजवलं. कोष्टक मात्र त्याच्या आधीच तयार झालं होतं.

हॅवरसाइनचं दुप्पट म्हणजे एकातून कोसाइन वजा. ही राशी आपल्याकडे फार जुनी आहे: उत्क्रमज्या. सूर्यसिद्धांतात तिच्या किमती दिलेल्या आहेत. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांचं, म्हणजे साइनचं, कोष्टक चोवीस टप्प्यांत बांधलं, दर टप्पा २२५ कलांचा. वर्तुळाची त्रिज्या त्याने ३,४३८ धरली, कारण परीघ २१,६०० कलांचा असेल तर त्रिज्या तेवढीच येते. अंतर आणि कोन एकाच मापाने मोजायची हीच कल्पना सागरी मैलातही आहे. तिथून इथवर सरळ धागा ओढायचा मोह मात्र टाळलेला बरा. कोष्टकं अनेक वाटांनी प्रवास करतात.

लॉगरिदम हा दुसरा धागा. जॉन नेपियरने १६१४ साली ते जाहीर केले, हेन्री ब्रिग्जने ते दहाच्या पायावर आणले, आणि १६२० मध्ये एडमंड गंटरने कोनांच्या साइन-टॅनचे तयार लॉग छापले. गुणाकाराची बेरीज झाली आणि खलाशाला गणित परवडू लागलं.

आकड्यांमागची माणसं

प्रत्येक आकडा कुणीतरी हाताने काढलेला होता. १७६७ सालापासून ब्रिटनमध्ये नेव्हिल मॅस्कलिन यांच्या देखरेखीखाली नॉटिकल अल्मनॅक निघू लागलं. त्याचे हिशेब देशभर विखुरलेले लोक घरी बसून करत. एकच महिना दोघांना द्यायचा, दोघांनी स्वतंत्रपणे काढायचा, तिसऱ्याने ताडून पाहायचा अशी पद्धत. दोघांनी एकमेकांचं उतरवून काढल्याचं एकदा उघडकीला आलं आणि त्यांचं काम गेलं. लडलो गावात हे काम जॉन एडवर्ड्स यांच्या नावावर चाले. १७८४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मेरी यांनी कळवलं की हिशेब बहुतेक मीच करत होते, काम माझ्याकडेच राहू द्या. ते राहिलं; पुढे त्यांची मुलगी एलायझा हिनेही केलं. १८३२ नंतर काम लंडनच्या कचेरीत गेलं. सरकारी नोकरीत बायकांना जागा नव्हती, तेव्हा तिचं काम थांबलं.

चूक कुठेही होऊ शकते: काढताना, नकल करताना, छपाईचे खिळे जुळवताना. जॉन हॅमिल्टन मूर यांच्या त्या काळी गाजलेल्या पुस्तकात १८०० हे लीप वर्ष धरलं गेलं. ते नव्हतं, शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. त्यामुळे मार्चपासून सूर्याची क्रांती एका दिवसाने सरकली. मार्चमध्ये ती दिवसाला सुमारे २४ कला बदलते, म्हणजे जहाज २३-२४ मैल भलतीकडे. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे नॅथनिएल बाउडिच मूरचं पुस्तक तपासायला बसले, हजारो चुका सापडल्या, आणि दुरुस्त्या करण्यापेक्षा त्यांनी १८०२ साली आपलंच पुस्तक काढलं. ते अमेरिकन सरकार अजून छापतं. चार्ल्स बॅबेजने डिफरन्स इंजिनाचा घाट घातला तोही या चुकांना कंटाळून. यंत्राने नुसता हिशेब करायचा नव्हता, छपाईचा साचाही स्वतःच उठवायचा होता, म्हणजे जुळाऱ्याच्या चुका टळल्या असत्या. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही.

विसाव्या शतकात बेरीजही नको झाली. कोन पूर्ण अंशांत धरा आणि उत्तर थेट वाचा, अशी कोष्टकं आली. अमेरिकेची २२९ क्रमांकाची मालिका सहा जाड खंडांची, एकेका खंडात १५ अंशांचा अक्षांशपट्टा. विमानांसाठी केलेली २४९ क्रमांकाची मालिका जास्त सुटसुटीत, पण तिचा निवडक ताऱ्यांचा पहिला खंड दर पाच वर्षांनी बदलावा लागतो, कारण अयनचलनाने, म्हणजे पृथ्वीचा अक्ष डुलत असल्याने, ताऱ्यांच्या जागा हळूहळू सरकतात. पाढ्यांत पंचांग मिसळलं की असं होतं. उलट टोकाला आर्थर एजटनचं १९३१ चं कोष्टक: चाळीसेक पानांत सगळी पृथ्वी. वेग हवा तर खंड घ्या. पण छोट्या बोटीवर एकच पुस्तक न्यायची मुभा असेल, तर मी हॅवरसाइनचं जुनं पुस्तकच घेईन.

आज कोण करतं?

व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना हे अजूनही शिकावं लागतं. अमेरिकन नौदल अकादमीने नव्वदच्या दशकाअखेरीस ते बंद केलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण जीपीएसचे संकेत बिघडवता येतात. आणि मग शिडाच्या बोटींवरचे हट्टी लोक आहेत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटे, न थांबता पृथ्वीभोवती फिरून आले. त्यांची 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधलेली होती. त्यांनी जिंकलेल्या १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीच्या आठवणीखातर सुरू झालेल्या आताच्या शर्यतीत जीपीएसला मनाई आहे. सेक्स्टंट, कोष्टकं, कागदी चार्ट, एवढंच. २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' घेऊन उतरले आणि हिंदी महासागरातल्या वादळात जबर जखमी झाले. पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, ते दुसरे आले.

किनाऱ्यावरून करून पाहायचं असेल तर प्लास्टिकचा सेक्स्टंट पुरतो. अल्मनॅक चालू वर्षाचं नसलं तरी सूर्यापुरतं चार वर्षांपूर्वीचं चालतं: चार वर्षांत सूर्याची गाडी सुमारे पाऊण तासाने हुकते, त्यामुळे क्रांतीत फार तर पाऊण कलेचा फरक पडतो. कोकणात अडचण वेगळी. समुद्राचं क्षितिज पश्चिमेला, म्हणून सकाळचा सूर्य डोंगरावर उगवतो आणि त्याला टेकवायला क्षितिजच नसतं. वेळ दुपारी चारनंतरची घ्यावी, रेखांश छान मिळतो. पुणे-नागपूरकरांनी ताटलीत काळं जाड तेल ओतून वारा लागणार नाही असं ठेवावं. खरा सूर्य आणि तेलातला सूर्य एकमेकांवर आणले की येणारा कोन उंचीच्या दुप्पट असतो. त्याचं निम्मं करायचं आणि क्षितिज खाली दिसण्याची दुरुस्ती सोडून द्यायची. कडेची दुरुस्तीही लागत नाही, कारण दोन्ही चकत्या पूर्णपणे एकमेकांवर बसवलेल्या असतात. सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंतच वाचतो, म्हणून सूर्य ६० अंशांच्या वर गेला की ही युक्ती संपते. उन्हाळ्यात साडेनऊच्या आत किंवा साडेतीननंतर बसावं. आणि सूर्याकडे बघताना दोन्ही आरशांपुढच्या काळ्या काचा विसरू नयेत.